बापाच्या घरचा वाडगा

१४ मे, मंगळवार

ही वही ओदार्लेने दिली. म्हणते, "आत्या, तोंडात येईल ते यात लिहीत जा, गिऱ्हाइकांवर काढू नकोस." कार्टीला बोलायला काय जातंय! दिवसभर चुलीपुढे बसून विकायला आंबवलेल्या मक्याच्या केंकी कोण वळतं, ती की मी? पण लिहिते. शाळेत असताना माझं अक्षर आमच्या अख्ख्या बुकोम वस्तीत पहिलं होतं, आता तेलकट झालंय एवढंच.

ओदार्ले माझ्या भावाची धाकटी. परदेशी पाहुण्यांना आमच्या गल्ल्यांतून हिंडवते, दीपगृह दाखवते, मासळी बाजार दाखवते. आज येऊन सांगायला लागली, "ऑगस्टात चौदा जण येताहेत. देशोदेशीचे कापणीचे सण बघत फिरतात आणि तिथलं खातात. त्यांना होमोवोच्या सणाची मक्याची क्पोक्पोई हवीय. हॉटेलातली नको, घरची. तू करशील?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाच्या घरी कर की."

तिने मान खाली घातली. का घातली ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. तरी लिहूनच ठेवते. चार वर्षांपूर्वी, आई गेल्यावरच्या पहिल्या होमोवोला, बापाच्या घरी क्पोक्पोई मी केली. घरातली एकुलती एक लेक, तो मान माझाच. क्वार्तेईने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, घरचा कर्ता म्हणून ती पूर्वजांसाठी शिंपडली, पहिला घास घेतला आणि तीस माणसांसमोर म्हणाला, "आईच्या हातची चव नाही." बस. दुसरा घासच घेतला नाही. हात वाडग्यात तसाच ठेवून बसला. डोळे लाल झाले होते, धुराने झाले असतील. चूल तेव्हा विझली होती, पण वाऱ्याचं काय सांगावं. मी हात धुतले आणि निघाले. तेव्हापासून ना बोलणं ना चालणं. मी त्या उंबऱ्याला पाय लावलेला नाही.

मग डोक्यात आलं, का नाही करायची? समुद्रापलीकडची चौदा माणसं माझ्या दारात बसून बोटं चाटतील, आणि ही बातमी संध्याकाळच्या आत क्वार्तेईच्या अंगणात पोचेल. म्हटलं, "करते. सांग त्यांना."

२० मे, सोमवार

आज मी ढोलावर बसले. खरोखरची बसले.

पुरोहितांनी बाजरी पेरली की महिनाभर शहरात आवाज बंद. ढोल नाही, गाणं नाही, मयताचा बँडसुद्धा नाही. देवांना निवांतपणा हवा म्हणून. हे इथल्या कोंबड्यालाही ठाऊक आहे. आणि ओदार्लेचा साहेब, मिस्टर ओसेई, परगावचा, कुमासीचा माणूस, आरशासारखे चकचकीत बूट घालून दोन ढोलवाले घेऊन माझ्या दारात हजर! म्हणे पाहुण्यांपुढे वाजवायचंय, आत्तापासून तालीम हवी.

मी म्हटलं, "साहेब, बंदी आहे."

"पाचच मिनिटं, मावशी. हळू वाजवतील."

"हळू मारली तरी थप्पड ती थप्पडच."

तो ढोलवाल्याला म्हणाला, "तू वाजव रे." मी उठले आणि मोठ्या ढोलावर बसले. माझं वजन देवाने सढळ हाताने दिलंय. ढोलवाल्याने ओढून पाहिला, ढोल हलेना. ओसेई म्हणाला, "उठा." मी म्हटलं, "बाजरी उगवली की उठते." तासभर बसले. तिथूनच दोन गिऱ्हाइकांना केंकी विकली. शेवटी तो गेला, ढोल नंतर माणूस पाठवून नेला. टाळ्या वाजवायचीही सोय नाही, म्हणून गल्लीतल्या लोकांनी नुसते हात हवेत हलवले. मजा आली.

गुडघे मात्र ठणकताहेत.

२२ जुलै, सोमवार

बंदी कधीच उठली, ढोल दिवसरात्र चालू आहेत, मक्याला कणसं धरली आहेत. दोन महिने वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. केंकी, केंकी आणि केंकी.

आज ओदार्लेने छापलेला कागद आणला. पाहुण्यांना वाटायचा. त्यात माझा फोटो आणि खाली लिहिलंय, "घानाच्या राष्ट्रीय पदार्थाची चव घ्या." मी म्हटलं, हे काय? राष्ट्र काल जन्मलं. क्पोक्पोई त्याची पणजी आहे. आमचे लोक इथे आले तेव्हा दुष्काळ पडला होता, मग मका पिकला, आणि पोट भरल्यावर त्यांनी भुकेची हुर्यो उडवली. होमोवो म्हणजे तेच. त्या हुर्योचं हे अन्न. पणजीला नातवाच्या नावाने कोण हाक मारतं?

"आत्या, पाहुण्यांना समजायला सोपं पडतं."

"सोपं हवं असेल तर ब्रेड खा म्हणावं."

जाताना रोजच्यासारख्या दोन केंकी घेऊन गेली. मैत्रिणीसाठी नेते म्हणते. हंड्याच्या तळाच्या, जास्त आंबलेल्या, घट्ट बांधलेल्याच हव्या असतात त्या मैत्रिणीला. कोण आहे कोण जाणे, पोट आहे की विहीर. चार वर्षं झाली, एक दिवस खंड नाही. पावसात, तापात, सगळ्यात.

१ ऑगस्ट, गुरुवार

ओसेई परत आला. या खेपेला ढोल नव्हता, यादी होती.

एक, प्रत्येकाला वेगळी ताटली. दोन, चमचे. तीन, रश्श्यात माशांची डोकी नकोत, पाहुणे घाबरतात. चार, जेवण शुक्रवारी उरकायचं, कारण शनिवारी सकाळी त्यांची बस केप कोस्टला निघणार.

मी यादी ऐकून घेतली. मग म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे फुफूचे कंद शिजायच्या आधी खातात का?"

"म्हणजे?"

"होमोवो शनिवारी आहे. शुक्रवारी ती क्पोक्पोई नाही, नुसतं वाफवलेलं मक्याचं पीठ आहे. वाडगा एकच राहील. त्या दिवशी राजा आणि हमाल एका वाडग्यात हात घालतात, तुमचे पाहुणे राजाहून मोठे आहेत का? चमचे तुम्ही खिशात ठेवा. आणि मासा डोक्यासकट जन्मला, डोक्यासकट शिजेल."

"मग मी त्यांना दुसरीकडे नेतो. हॉटेलात ताटलीत मिळते क्पोक्पोई."

"न्या. खुशाल न्या."

गेला. बोलले खरी, पण तो गेल्यावर मनात आलं, नेलेच तर? क्वार्तेई काय म्हणेल? काही म्हणणार नाही, तो काही म्हणतच नाही, तेच तर दुखणं आहे.

५ ऑगस्ट, सोमवार

पाहुणे येऊन पोचले. त्यांच्यात एक म्हातारी आहे, सत्तरीची, पांढरे केस आखूड कापलेले, हातात सतत वही. ओदार्लेने सगळं सांगितल्यावर ती म्हणाली म्हणे, "बस जाऊ दे, आम्ही शनिवारी इथेच राहू." बाकीचे तिचं ऐकतात. मला बाई आवडली. वही लिहिणारी माणसं हट्टी असतात.

आज आगाऊ लाबान्ते आजोबा केंकी घ्यायला आले आणि उभ्या उभ्या टोचून गेले. "अमेर्ले, क्पोक्पोई बापाच्या घरी खातात. स्वतःच्या दारात खाल्ली तर तो फराळ झाला." मी म्हटलं, "आजोबा, केंकी आठ घेतल्यात, सात नाही." पण म्हातारा खोटं बोलला नाही. मलाही ठाऊक आहे. नवरा होता तोवर मीसुद्धा दर होमोवोला त्याला इथे ठेवून बापाच्या घरी जायची. तो फँटी जमातीचा, त्याचा सण वेगळा. तो गेल्यावर, आणि मग क्वार्तेईशी बिनसल्यावर, दर वर्षी त्या दिवशी मी दार लावून झोपते. लोकांना सांगते ताप आलाय.

मग या खेपेला मी कोणाची हुर्यो उडवणार आहे? भुकेची की क्वार्तेईची? जाऊ दे. दोघांची.

ओदार्ले म्हणाली, मैत्रिणीची तक्रार आहे, परवाची केंकी मऊ होती. मी भडकले. म्हटलं, "सांग तुझ्या मैत्रिणीला, गुडघ्यांवर बसवत नाही मला, मळायला जोर लागत नाही!" संध्याकाळी त्या मैत्रिणीने शिया लोण्याचा डबा पाठवला, गुडघ्यांना चोळायला. गरम करून चोळायचं आणि वर जुनं फडकं बांधायचं, असा निरोपही. आमची आई अगदी तस्संच करायची. बरी मुलगी दिसते. उगाच ओरडले.

८ ऑगस्ट, गुरुवार

खेड्यांतून माणसं आली. ट्रकच्या टपांवर मका, सुरण, केळी, आणि लाल माती फासलेली पोरं. पाहुणे आ वासून बघत होते, मीही बघत होते, दरवर्षी बघते. गर्दीत पलीकडच्या कोपऱ्यावर क्वार्तेई दिसला. काठी घेतलीय त्याने. केव्हापासून? मला कोणी सांगितलं नाही.

तो माझ्याकडे बघत होता. मी ट्रककडे बघितलं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

जुळ्यांचा दिवस, होमोवोच्या आदल्या दिवशी जुळ्या पोरांचा मान असतो. गल्ली नुसती दणाणतेय. मी दळलेला मका आंबवून ठेवलाय, मासे धुरावर आहेत, पामफळं उद्या पहाटे कुटेन. हात थांबत नाहीत, मन थांबत नाही. झोपते.

१० ऑगस्ट, शनिवार

सगळं नीट लिहिते. कोणी मला विचारलं तर खरं काय ते या वहीत असावं.

पीठ वाफेवर असं फुललं की काय सांगू. भेंडी घातली, लाल तेल ओतून मळलं, रस्सा उकळला. आईच्या हातची चव आहे की नाही मला माहीत नाही, माझ्या हातची शंभर टक्के होती. राजाची मिरवणूक क्पोक्पोई शिंपडत गल्लीतून गेली. चौदा पाहुणे बाकांवर बसले. ओसेईही आला होता, बूट बघत उभा. मी मधे एकच मोठा वाडगा ठेवला.

एक उंच पाहुणा म्हणाला, चमचा? मी त्याला त्याचाच हात दाखवला. सगळे हसले. कोणी पुढे होईना. शेवटी ती वहीवाली म्हातारी बाकावरून उतरली, खाली बसली आणि तिने हात पुढे केला.

मी तिच्या मनगटावर चापट मारली. आपोआप. लहानपणी आई आम्हाला मारायची तशी. कारण शिंपडलेलं नव्हतं. मेलेल्यांच्या आधी जिवंतांनी खायचं नाही.

आणि तिथेच मी गार पडले. शिंपडणार कोण?

तीन महिने मी मका आठवला, तेल आठवलं, बाकं, पाणी, हात पुसायचे कपडे, सगळं आठवलं. शिंपडायला माझ्या बापाच्या घरचा कर्ता लागतो, एवढंच आठवलं नाही. आठवलं नाही की आठवू दिलं नाही, ते माझं मलाच कळत नाही.

ओसेई कानाशी आला. "तुम्हीच शिंपडा ना मावशी. यांना काय कळतंय?"

"यांना नाही कळत. मेलेल्यांना कळतं."

"मग आता?"

"मग थांबा."

थांबलो. ऊन चढलं. म्हातारीने मनगट चोळत ओदार्लेला कारण विचारलं, ओदार्लेने सांगितलं, म्हातारीने वही मिटून मांडीवर ठेवली आणि ती थांबली. बाकीचेही थांबले. कोणी कुरकुर केली नाही, हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवते.

ओदार्ले म्हणाली, "आत्या, बाबांना बोलावून आणू?"

"पाय मोडीन."

"मग काय फेकून देणार हे?"

बघितलं त्या पातेल्याकडे. या वर्षीचा नवा मका. फेकायचा? भुकेची हुर्यो उडवायच्या दिवशी? चुंबळ केली, पातेलं डोक्यावर घेतलं, रश्श्याचा हंडा ओदार्लेच्या डोक्यावर दिला आणि ओसेईला म्हटलं, "वाडगा उचला साहेब, बूट पुसत बसू नका." त्याने उचलला! आणि आमची वरात निघाली, मी पुढे, मागे चौदा गोरी-पिवळी माणसं. गल्लीत ही गर्दी. कोणी ओरडलं, "अमेर्ले, ताप उतरला का?" मी म्हटलं, "तुला चढेल, बाजूला हो!"

बापाच्या घराच्या दारात थांबले. अंगणात सगळे होते. क्वार्तेई मधे स्टुलावर, पांढरं वस्त्र पांघरून, पुढे रिकामा वाडगा. एव्हाना यांचं जेवण होऊन जायला हवं होतं. वहिनीने केलेली क्पोक्पोई पातेल्यात तशीच, वरचं फडकंही काढलेलं नाही, पोरं भुकेने रडकुंडीला आलेली. यंदा यांना उशीर झाला असणार. वहिनी पहिल्यापासूनच जरा सावकाश.

मी दारातूनच म्हटलं, "मी तुझ्याकडे आलेले नाही. ही शिंपडून हवीय. पाहुणे उपाशी आहेत."

तो काठी टेकत उठला. माझ्या पातेल्यातून मूठ भरून घेतली आणि अंगणभर शिंपडत गेला, चारी कोपऱ्यांत, बापाच्या खोलीच्या उंबऱ्यावर, एकेक नाव घेत. मोठा आवाज आहे त्याचा, होड्यांवर हाका मारून कमावलेला. आईच्या नावापाशी आला आणि आवाज फुटेचना. दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

मग त्याने वहिनीचं पातेलं आणि माझं पातेलं, दोन्ही एकाच वाडग्यात उलटी केली. आणि जे हात पडले! काळे, गोरे, पोरांचे, म्हाताऱ्यांचे. म्हातारीच्या कोपरापर्यंत तेल. एका पोराने तिच्या बोटांतला मासा पळवला, तिने तो परत हिसकावला, तेव्हा अख्खं अंगण ओरडलं. ओसेईला कोणीतरी गचांडी धरून खाली बसवला. बूट भरले त्याचे.

मी दारात उभी होते. मला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी गेले नसते. बोलवायचं कोणी होतं? त्याने. तो माझ्याकडे बघत होता, पण बघणं म्हणजे बोलावणं नव्हे.

घरी आले. पातेलं तिथेच राहिलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, शिळा ब्रेड होता तो खाल्ला. होमोवोच्या दिवशी ब्रेड! मग रडले, भरपूर रडले. हेही लिहायचंच.

११ ऑगस्ट, रविवार

पहाटे रिवाजाप्रमाणे गल्लीभर गेलेल्या माणसांसाठी रडणं झालं. मी कालच रडून घेतलं होतं, तरी थोडं उरलं होतं. उजाडल्यावर भेटी सुरू झाल्या. या दिवशी धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं, हात हातात घ्यायचे, आयुष्य मागायचं. चार वर्षांत मी गेले नाही. आजही जाणार नव्हते. दारात बसले होते.

आणि समोरून क्वार्तेई. काठी टेकत, सगळ्या गल्लीच्या देखत, थोरला धाकटीच्या दारात! लोक उभेच राहिले. असं कोणी करत नाही. लाबान्ते आजोबांनी तोंडातली दातणाची काडी काढली.

तो माझ्या पायरीपाशी थांबला. धापा टाकत होता. म्हणाला, "अमे."

चार वर्षांनी. वाटलं, उठून त्याच्या गळ्यात पडावं. पण मग उद्यापासून सगळे म्हणणार, क्वार्तेईला बहिणीच्या दारात यावं लागलं. घरचा कर्ता तो. कोण ऐकेल त्याचं नंतर? त्याला तेवढीही अक्कल नाही.

मी म्हटलं, "परत जा."

त्याचा चेहरा पडला.

"ऐकू आलं का? धाकट्याने थोरल्याकडे जायचं असतं. रिवाज विसरलास का? परत जा, घरी जाऊन स्टुलावर बस."

तो बघतच राहिला. मग त्याला कळलं. वळला आणि असा निघाला म्हणून सांगू, काठी नुसती हातात, जमिनीला लागतच नव्हती. मी पांढरं वस्त्र नेसले, केस बांधले, अजिबात घाई केली नाही. वाकायचं तर नियमाने वाकेन, कोणाच्या मेहरबानीने नाही.

पोचले तेव्हा तो स्टुलावर बसलेला होता, घामाघूम. मी उंबरा ओलांडला. त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "घे, आयुष्य घे. वर्ष येवो, वर्ष जावो, आपण पुन्हा एकत्र बसू. आपल्या दोघांमधून काळं मांजर आडवं न जावो."

"मांजर कशाला," तो म्हणाला, "तूच आडवी गेली होतीस."

"आणि तू वाटेत पाय पसरून बसला होतास."

हसला. मग हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. "त्या दिवशी मला आई हवी होती गं. चव बिव काही नाही."

"मग तसं म्हणायचं होतं."

"तीस माणसांसमोर?"

"चव नाही ते तीस माणसांसमोरच म्हणालास ना!"

"चुकलो," म्हणाला. चुकलो म्हणाला! मी वहिनीला दोनदा विचारलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, ऐकलं बाई.

कालचा वाडगा अंगणातच होता. तळाला दोन माणसांपुरती क्पोक्पोई, वर मासा, आणि वर पान झाकलेलं. वहिनी म्हणाली, काल कोणाला हात लावू दिला नाही त्याने. आम्ही दोघं जमिनीवर बसलो. त्याचा हात, माझा हात. शिळी होती, गार होती, रस्सा गोठला होता. खात गेलो. पाहुण्यांची बस दारावरून गेली तेव्हा म्हातारी खिडकीतून हात हलवत होती, पण माझा हात गुंतलेला होता.

शेवटचा घास राहिला. त्याने उचलला. थोरला म्हणून त्याला वाटलं त्याचाच. मी त्याच्या बोटांतून ओढून घेतला आणि खाल्ला. होमोवोच्या वाडग्यात थोरलं-धाकटं नसतं.